इंग्रजी येतं म्हणून स्पॅनिश येत नाही

स्पॅनिश शिकायला निघालेल्या माणसाला सुरुवातीलाच दोन सल्ले मिळतात, आणि दोन्ही सारख्याच ठामपणे. पहिला सांगतो, इंग्रजी येतं ना, मग काही हजार स्पॅनिश शब्द तुम्हाला आधीच येतात. ‘नेशन’चं ‘नासियोन’ करा, ‘युनिव्हर्सिटी’चं ‘उनिवेर्सिदाद’ करा, झालं. दुसरा सांगतो, इंग्रजीशी साम्य दिसलं की सावध व्हा, कारण ‘एम्बारासादा’ म्हणजे ओशाळलेली नव्हे, गरोदर. तेव्हा व्युत्पत्तीच्या नादी लागू नका, लहान मूल शिकतं तसं ऐकून शिका. एका बाजूकडे लांबलचक याद्या, दुसरीकडे फजितीचे किस्से. वाद इथेच घुटमळतो आणि खरा प्रश्न बाजूला राहतो: हा शब्द लॅटिनमधून स्पॅनिशमध्ये कोणत्या वाटेने आला, आणि त्याचा इंग्रजी नातलग कोणत्या वाटेने? माझं म्हणणं असं की लॅटिन मुळं शिकवलीच पाहिजेत, पण जोड्यांच्या यादीच्या रूपात शिकवू नयेत. ध्वनिबदलाचे आठ-दहा नियम शिकवावेत आणि प्रत्येक नियम कुठे लंगडा पडतो तेही त्याच तासाला सांगावं. (या लेखात स्पॅनिश शब्द लॅटिन अमेरिकेतल्या उच्चाराला धरून लिहिले आहेत. स्पेनमध्ये काही ‘स’ ‘थ’कडे झुकतात, त्याने मुद्द्यात फरक पडत नाही.)

यादीवाल्यांचं जे खरं आहे ते आधी मान्य करू. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं आणि पुढची दोन-तीन शतकं तिथला दरबार, न्यायालय आणि सरदारवर्ग फ्रेंचमध्ये वावरला. नंतर विद्वानांनी थेट लॅटिनमधूनही शब्द उचलले. शॉर्टर ऑक्सफर्ड कोशातल्या सुमारे ८०,००० शब्दांची एक मोजणी १९७३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात लॅटिनमधून आलेले शब्द २८ टक्क्यांच्या आसपास, फ्रेंचमधून आलेले जवळजवळ तेवढेच आणि इंग्रजीचे स्वतःचे जर्मानिक घराण्यातले शब्द पाव हिश्शाच्या घरात निघाले. म्हणजे कोशातला निम्म्याहून जास्त भाग स्पॅनिशच्या नात्यातला. शिवाय प्रत्ययांची गणितं खरोखर चालतात. ‘-टी’ला ‘-दाद’, ‘-शन’ला ‘-सियोन’, ‘-अस’ला ‘-ओसो’ लावलं की बहुतेक वेळा बरोबर शब्द हाती येतो. वर एक फायदाही आहे: अशी ‘-सियोन’ आणि ‘-दाद’ प्रत्ययांची नामं स्त्रीलिंगी असतात, त्यामुळे लिंग वेगळं पाठ करावं लागत नाही. इतकं फुकटात मिळत असताना ते नाकारायचं कशाला?

नाकारायचं नाहीच, फक्त ते नेमकं काय आहे ते ओळखायचं. वर्तमानपत्रातलं एक वाक्य घ्या: ‘ला कोमिसियोन आप्रोबो उना रेफोर्मा कोन्स्तितुसियोनाल’. स्पॅनिशचा एकही तास न बसलेला इंग्रजी वाचक सांगेल की कोणत्या तरी आयोगाने घटनेतल्या सुधारणेला मान्यता दिली. आता स्वयंपाकघरातलं घ्या: ‘एचा ला आरिना एन ला ओया इ बाखा एल फुएगो’, म्हणजे पीठ पातेल्यात टाक आणि आच कमी कर. इथे त्याच वाचकाला काहीही कळत नाही. गंमत अशी की या दुसऱ्या वाक्यातला जवळजवळ प्रत्येक शब्दही लॅटिनच आहे, आणि त्यातल्या चारांचे नातलग इंग्रजीत आहेत. ‘एचार’चा नातलग ‘इजेक्ट’, ‘आरिना’चा ‘फॅरिना’, ‘बाखार’चा ‘बेस’ आणि ‘फुएगो’चा चक्क ‘फोकस’. लॅटिनमध्ये ‘फोकुस’ म्हणजे चूल. केपलरने १६०४ मध्ये तो शब्द प्रकाशशास्त्रात नेला आणि इंग्रजीने शास्त्रज्ञांकडून घेतला. स्पॅनिशने तो चुलीपाशीच ठेवला, फक्त बोलून बोलून झिजवला.

मराठी वाचकाला ही गोष्ट समजायला परदेशी व्याकरणाची गरज नाही. आपल्याकडे दूध आहे आणि दुग्धव्यवसाय आहे. कान आहे आणि कर्णबधिर आहे. हात आहे आणि हस्ताक्षर आहे. तद्भव शब्द पिढ्यान् पिढ्या तोंडात घोळत आला, तत्सम शब्द पोथीतून जसाच्या तसा उचलला. स्पॅनिशची मांडणी हुबेहूब अशीच आहे. ‘लेचे’ म्हणजे दूध, पण दुग्धजन्य म्हणायचं तर ‘लाक्तेओ’. ‘नोचे’ म्हणजे रात्र, पण निशाचराचा म्हणून जो शब्द तो ‘नोक्तुर्नो’. ‘ओखो’ डोळा, पण नेत्रविषयक ते ‘ओकुलार’. ‘येर्रो’ लोखंड, पण लोहमार्ग मात्र ‘फेर्रोकार्रिल’. इंग्रजीच्या वाट्याला लॅटिनचा जो भाग आला तो बहुतांशी हा तत्सम थर: ‘लॅक्टोज’, ‘नॉक्टर्नल’, ‘ऑक्युलर’, ‘फेरस’. म्हणून इंग्रजीच्या जिवावर स्पॅनिश येतं असं म्हणणं म्हणजे हस्त, दुग्ध, कर्ण माहीत असलेल्याला मराठी येतं असं म्हणणं. त्याला निबंध वाचता येईल. दूधवाल्याशी बोलता येणार नाही.

दोन थर एकमेकांशी जोडणारे नियम थोडे आहेत आणि आश्चर्य वाटावं इतके शिस्तशीर आहेत. शब्दाची लॅटिन द्वितीया घ्यायची, कारण स्पॅनिश नामं बहुतेक तिच्यातूनच उतरली. प्रथमा ‘नोक्स’ पाहून ‘नोचे’ कधी सुचणार नाही, द्वितीया ‘नोक्तेम’ पाहून सुचते. शेवटचा ‘म’ सोडायचा. मग ‘क्त’चा ‘च’ होतो: ‘नोक्तेम’चं ‘नोचे’, ‘ओक्तो’चं ‘ओचो’, ‘लाक्तेम’चं ‘लेचे’. आघात असलेला ऱ्हस्व ‘ओ’ फुटून ‘उए’ होतो आणि ऱ्हस्व ‘ए’ फुटून ‘इए’: ‘पोर्तुस’चं ‘पुएर्तो’, ‘वेन्तुस’चं ‘विएन्तो’. दोन स्वरांमधले कठोर प, त, क मऊ होऊन ब, द, ग होतात: ‘लुपुस’चा ‘लोबो’, ‘विता’ची ‘विदा’, ‘अमिकुस’चा ‘आमिगो’. सुरुवातीचे ‘क्ल’, ‘प्ल’, ‘फ्ल’ तिन्ही एकाच जोड-एलमध्ये विरघळतात, ज्याचा उच्चार आज बहुतेक ठिकाणी ‘य’ होतो: ‘क्लाविस’ची ‘यावे’, ‘प्लुविया’ची ‘युविया’, ‘फ्लाम्मा’ची ‘यामा’. ‘लि’पुढे स्वर आला की तिथे आजचा घशातला ‘ख’ येतो: ‘फिलियुस’चा ‘इखो’, ‘फोलिया’ची ‘ओखा’. नियम उलटे चालवले की अनोळखी स्पॅनिश शब्दावरून लॅटिन रूप आणि तिथून इंग्रजी नातलग सापडतो. ‘युविया’वरून ‘प्लुविया’, तिथून भूगोलाच्या पुस्तकातलं ‘प्लुव्हियल’. ‘इखो’वरून ‘फिलियुस’, तिथून ‘फिलियल’. यादी पाठ करणाऱ्याला ही जोडी कधीच दिसत नाही, कारण ‘इखो’ आणि ‘फिलियल’ यांच्यात दिसायला एकही व्यंजन सारखं नाही.

नियम लंगडा कुठे पडतो ते पाहायला एकच अक्षर पुरे आहे: लिहिला जाणारा पण न उच्चारला जाणारा ‘एच’. पुस्तकं सांगतात की स्पॅनिश शब्दाच्या सुरुवातीला ‘एच’ दिसला तर मुळात ‘एफ’ होता. आणि खरंच, ‘आसेर’ म्हणजे करणं हे ‘फाकेरे’वरून, इंग्रजी ‘फॅक्ट’चं सख्खं, ‘ओर्नो’ म्हणजे भट्टी हे ‘फुर्नुस’वरून, म्हणून ‘फर्नेस’, ‘ओर्मिगा’ म्हणजे मुंगी ही ‘फोर्मिका’वरून, म्हणून रसायनशास्त्रातलं ‘फॉर्मिक’ आम्ल. विद्यार्थी खूश होतो आणि पुढच्याच पानावर ‘उएवो’, म्हणजे अंडं, याच्यापुढे ‘एफ’ लावून बसतो. पण ‘उएवो’ आलं ‘ओवुम’वरून, तिथे ‘एफ’ कधीच नव्हता, ‘एच’ही नव्हता. जुन्या लिखाणात ‘यू’ आणि ‘व्ही’ ही एकच खूण होती, तेव्हा शब्द ‘वेवो’ असा वाचला जाऊ नये म्हणून लेखनिकांनी पुढे ‘एच’ची पाटी ठोकली. हाडाला जो ‘उएसो’ म्हणतात त्याचंही तेच. तिसरा प्रकार ‘ओम्ब्रे’ म्हणजे माणूस आणि ‘ओय’ म्हणजे आज: इथला ‘एच’ लॅटिनमध्येच होता, ‘होमो’ आणि ‘होदिए’मधला. चौथा प्रकार सगळ्यात खट्याळ. भावाला ‘एर्मानो’ म्हणतात. त्याच्या मुळाशी ‘गेर्मानुस’ आहे, म्हणजे सख्खा, आणि आघात नसलेल्या ‘ए’आधीचा ‘ग’ गळून गेला. गोठण्याला ‘एलार’ म्हणतात तेही ‘गेलारे’वरून. तेव्हा ‘एर्मानो’चा इंग्रजी नातलग ‘फ्रॅटर्नल’ नव्हे, ‘जर्मेन’. लॅटिनमधला भाऊ, ‘फ्रातेर’, स्पॅनिशमध्ये मठात जाऊन ‘फ्राइले’ म्हणजे संन्यासी झाला. आणि ‘इन्चार’ म्हणजे फुगवणं, ते ‘इन्फ्लारे’वरून, ‘एफ’ होता खरा, पण शब्दाच्या पोटात, आणि पुढचा ‘एच’ निव्वळ लेखनाचा. एका मुक्या अक्षराच्या मागे इतके इतिहास आहेत. उलट ‘फुएगो’, ‘फुएर्ते’, ‘फ्रेन्ते’ यांनी ‘एफ’ सोडलाच नाही, कारण ‘उए’ आणि ‘र’ यांच्याआधी तो टिकला. हे सगळं सांगायला अर्धा तास लागतो. तेवढा वेळ न देता ‘एच म्हणजे एफ’ असं सूत्र हातात देणं ही आळशी शिकवणी झाली.

‘च’चीही अशीच एक-दोन बिळं आहेत: ‘मुचो’ आलं ‘मुल्तुम’वरून, ‘एस्कुचार’ म्हणजे ऐकणं हे ‘आउस्कुल्तारे’वरून (डॉक्टरांचं ‘ऑस्कल्टेशन’ तेच), आणि रुंद या अर्थीचा ‘आन्चो’ हा ‘अम्प्लुस’वरून, इंग्रजी ‘ॲम्पल’चा भाऊ.

तत्सम थरातही सगळं सुरळीत नाही, आणि याद्या इथे चुका शिकवतात. सोळाव्या शतकात हुआन दे वाल्देस हा भाषाचर्चा करणारा लेखक उघड सांगत होता की कास्तिलियन, म्हणजे स्पॅनिश बोलणाऱ्या, माणसांसाठी लिहिताना आपण ‘सिग्निफिकार’मधला ‘ग’ काढून टाकतो आणि ‘दिग्नो’ऐवजी ‘दिनो’ लिहितो. त्या काळी ‘एफेतो’, ‘पेर्फेतो’ अशी रूपं सर्रास होती. १७१३ मध्ये स्पॅनिश अकादमी स्थापन झाली, पुढे लेखन स्थिर होत गेलं आणि बऱ्याच ठिकाणी लॅटिन अक्षरं परत आली: ‘दिग्नो’, ‘एफेक्तो’, ‘पेर्फेक्तो’. पण सगळीकडे नाही. ‘ओब्खेतो’ आणि ‘सुखेतो’ ‘क’विना राहिले, ‘रेस्पेतो’ म्हणजे आदर आणि ‘रेस्पेक्तो’ म्हणजे संबंध, असे तर दोन शब्द झाले. इंग्रजी ‘ऑब्जेक्ट’वरून सूत्र चालवणारा विद्यार्थी हमखास ‘ओब्खेक्तो’ लिहितो. इंग्रजीनेही हाच खेळ केला आहे. मध्ययुगात कर्जाला ‘डेट’च म्हणत आणि त्यात ‘बी’ लिहीत नसत. नंतर पंडितांना लॅटिन ‘देबितुम’ आठवलं आणि त्यांनी न उच्चारायचा ‘बी’ घुसवला. स्पॅनिश ‘देउदा’ने तोच ‘ब’ विरघळवून ‘उ’ केला. म्हणजे दोन शब्दांतलं आजचं अंतर शे-दोनशे वर्षांतल्या लेखनिकांच्या मर्जीवरही ठरलेलं असतं.

आता विरोधी बाजूचा भक्कम मुद्दा. माद्रिदमधलं चार वर्षांचं पोर ‘लेचे’ मागतं तेव्हा त्याला ‘लाक्तेम’ माहीत नसतं, आणि तरी त्याची स्पॅनिश आपल्यापेक्षा चांगली असते. शिवाय शब्दाचा आजचा अर्थ वापराने ठरतो, मुळाने नव्हे. दोन्ही मान्य. सुरुवातीचे तीन-चारशे शब्द घोकूनच येतात, तिथे लॅटिन आणणं म्हणजे विद्यार्थ्याला दमवणं, हेही मान्य. पण ते पोर रोज दहा तास भाषेत बुडालेलं असतं. आठवड्याला चार तास वर्गाला येणाऱ्या प्रौढाची त्याच्याशी तुलना कशी करणार? आणि तेच पोर शाळेत जाऊन ‘प्रोदुक्तोस लाक्तेओस’, ‘आगुआस प्लुवियालेस’, ‘आमोर फिलियाल’ वाचायला लागतं तेव्हा त्यालाही ‘लेचे’-‘लाक्तेओ’, ‘युविया’-‘प्लुवियाल’, ‘इखो’-‘फिलियाल’ ही सांगड घालावीच लागते. म्हणजे ‘क्त’चा ‘च’ होतो हे ज्ञान इंग्रजी जाणणाऱ्या परक्याची कुबडी नाही. खुद्द स्पॅनिशची नामं तिच्याच विशेषणांशी जोडणारा तो सांधा आहे. इंग्रजीचा एक शब्द न येणाऱ्यालाही तो लागतो. ऐकून शिका म्हणणारे या गोष्टीकडे काणाडोळा करतात, कारण त्यांचं उदाहरण कायम पाणी-जेवण-बाजार एवढ्यापुरतंच असतं.

मूळ अर्थ ठरवत नाही हे खरं, पण अर्थ कसा सरकला हे कळलं की ‘फसवे मित्र’ बरेचसे फसवे राहत नाहीत. ‘मोलेस्तार’ म्हणजे त्रास देणं. हॉटेलच्या खोलीबाहेर ‘नो मोलेस्तार’ अशी पाटी दिसते आणि इंग्रजी वाचक दचकतो. पण लॅटिनमध्ये तो शब्द त्रासापुरताच होता, स्पॅनिश जागची हलली नाही, अर्थ आवळत नेला तो इंग्रजीने. ‘आक्तुआल’ म्हणजे सध्याचा आणि ‘लिब्रेरिया’ म्हणजे पुस्तकांचं दुकान. फ्रेंचमध्येही या शब्दांचे अर्थ असेच आहेत. इथे कळपातून फुटलेली मेंढी इंग्रजी आहे, स्पॅनिश नव्हे. ‘एक्सितो’ म्हणजे यश. लॅटिनमध्ये ‘बाहेर पडणं’, मग ‘शेवट, परिणाम’, मग ‘चांगला परिणाम’. इंग्रजी ‘एक्झिट’ दाराशीच थांबलं. ‘कोन्स्तिपादो’ ऐकून हसू येतं, पण मुळात अर्थ आहे ठासून भरलेला. स्पॅनिशमध्ये नाक चोंदतं, इंग्रजीत पोट, एवढाच फरक. आणि ज्या शब्दाचा सगळ्यात जास्त गाजावाजा होतो, ती ‘एम्बारासादा’? व्युत्पत्तिकोशांप्रमाणे इंग्रजीने हा शब्द फ्रेंचमार्फत स्पॅनिशकडूनच घेतला. मूळ अर्थ अडवणं, अडचणीत टाकणं. दोघांना समान आजा असण्याचा इथे प्रश्नच नाही. लॅटिन मुळं शिकवू नका या म्हणण्यासाठी जो शब्द पुढे केला जातो, तो लॅटिन मुळांच्या जोडीचा नमुनाच नाही. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण आणि मराठीत दंड, हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न आणि मराठीत टिंगल. म्हणून कोणी मराठी मुलांना हिंदी वाचताना संस्कृत विसरा असं सांगत नाही.

तिसरी एक बाजू आहे, ‘आधी लॅटिन शिका, मग स्पॅनिश आपोआप येईल’ म्हणणाऱ्यांची. तिच्यावर फार वेळ घालवायला नको, कारण स्पॅनिश ज्या लॅटिनमधून आली ते ग्रंथांतलं लॅटिनच नव्हे. एका अनामिक शिक्षकाने केलेली २२७ दुरुस्त्यांची यादी उरली आहे. ‘आपेन्डिक्स प्रोबी’ या नावाने ती ओळखली जाते. असं म्हणा, तसं म्हणू नका, असा तिचा थाट: ‘वेतुलुस’ म्हणा, ‘वेक्लुस’ म्हणू नका, ‘ओकुलुस’ म्हणा, ‘ओक्लुस’ नको, ‘ताबुला’ म्हणा, ‘ताब्ला’ नको, ‘आउरिस’ म्हणा, ‘ओरिक्ला’ नको. जे म्हणू नका म्हणून सांगितलं तेच उरलं. ‘वेक्लुस’चा ‘विएखो’ म्हणजे म्हातारा झाला, ‘ओक्लुस’चा ‘ओखो’, ‘ओरिक्ला’ची ‘ओरेखा’, आणि ‘ताब्ला’ तर आजही ‘ताब्ला’च आहे. मास्तरांनी सांभाळलेला ‘ओकुलुस’ मात्र पुस्तकातून निघून इंग्रजीच्या ‘ऑक्युलर’मध्ये आणि स्पॅनिशच्या ‘ओकुलार’मध्ये जाऊन बसला. तसंच घोड्याचं: ग्रंथांतला ‘एक्वुस’ गेला आणि मालवाहू तट्टाला म्हणायचे तो ‘काबाल्लुस’ ‘काबायो’ म्हणून राहिला; इंग्रजीत त्याची लेकरं ‘कॅव्हलरी’ आणि ‘शिव्हलरी’. व्हर्जिल वाचून बाजारातली स्पॅनिश येईल ही अपेक्षा म्हणजे कालिदास वाचून मंडईत भाव करता येईल ही अपेक्षा.

व्युत्पत्तीच्या विरोधकांना एक भीती मात्र रास्त वाटते: हा नाद लागला की माणूस वाहवतो. सातव्या शतकाच्या सुरुवातीला सेव्हियाचा बिशप इसिदोर याने वीस भागांचा व्युत्पत्तिग्रंथ रचला. त्यात ‘अमिकुस’ म्हणजे मित्र हा आत्म्याचा रखवालदार, ‘अनिमी कुस्तोस’, असं फोडून दाखवलं. मधमाशी जन्मतः पायांविना असते म्हणून ती ‘आपेस’, असंही एक स्पष्टीकरण दिलं. युरोपने हा ग्रंथ शतकानुशतकं डोक्यावर घेतला. आपल्याकडे ‘व्हॅटिकन म्हणजे वाटिका’ सांगणाऱ्यांची जात तीच. पण यावरचा उतारा व्युत्पत्ती सोडणं हा आहे, की नियम कडक लावणं? स्पॅनिश ‘मुचो’ आणि इंग्रजी ‘मच’ अर्थाने, आवाजाने जुळतात, तरी त्यांचा संबंध नाही. ‘मुल्तुम’मधून ‘मच’ निघतच नाही. ‘आबेर’ आणि ‘हॅव’, ‘दिया’ आणि ‘डे’ यांचाही नाही. उलट दिवसाला म्हणतात तो ‘दिया’ लॅटिन ‘दिएस’वरून आला, आणि ‘दिएस’ ज्या मुळातून आला त्याच मुळातून संस्कृतातला दिव् आणि आपला दिवस. म्हणजे इथे इंग्रजी परकी आणि मराठी भाऊबंद! दात या अर्थाचं ‘दिएन्ते’ आणि दंत, विधवेला म्हणतात ते ‘विउदा’ आणि विधवा, ‘ओचो’ आणि अष्ट, ही नातीही अशीच पारखून घेता येतात. स्पॅनिशकडे जाताना आपल्या वाचकाने प्रत्येक वेळी लंडनमार्गेच का जावं?

खरं तर गोव्यामार्गे एक जवळची वाट आहे आणि शिकवणारे तिचा उपयोग करत नाहीत. पोर्तुगीज ही स्पॅनिशची बहीण, आणि तिचे शब्द चारशे-पाचशे वर्षं आपल्या घरात आहेत. लॅटिन ‘क्ल’, ‘प्ल’, ‘फ्ल’ यांचं स्पॅनिशमध्ये जोड-एल झालं, पोर्तुगीजमध्ये ‘च’ झाला. म्हणून ‘क्लाविस’ची तिकडे ‘यावे’ आणि आपल्याकडे चावी. आजचे पोर्तुगीज तिथे ‘श’ म्हणतात. शब्द आपल्याकडे आला तेव्हाचा ‘च’ मराठीने जपून ठेवला. इंग्रजीने तोच शब्द फ्रेंचमार्फत संगीतातल्या ‘क्लेफ’साठी आणि लॅटिनमधून ‘क्लॅव्हिकल’साठी घेतला, आणि स्पॅनिशनेही ‘क्लावे’ म्हणून परत एकदा तत्सम रूपात, गूढलिपीची किल्ली या अर्थी. पगार घ्या. लॅटिन ‘पाकारे’ म्हणजे शांत करणं, तेव्हा येणेकऱ्याला शांत करणं, म्हणजे पैसे देणं. दोन स्वरांमधला ‘क’ मऊ होऊन ‘ग’ झाला, स्पॅनिश-पोर्तुगीजमध्ये ‘पागार’ हे क्रियापद झालं, आपण त्याचं नाम केलं. फ्रेंचांनी तो ‘ग’ही गिळला म्हणून इंग्रजीत ‘पे’ उरलं. एका शब्दात मऊ होण्याचा अख्खा नियम चार भाषांत दिसतो. स्पॅनिशमध्ये पावाला ‘पान’, कोबीला ‘कोल’ (इंग्रजी ‘कोलस्लॉ’मधला); ज्या विद्यार्थ्याला चावी-यावे-क्लेफ एकदा फळ्यावर दाखवलं, त्याला ‘येनो’ म्हणजे भरलेला हा ‘प्लेनरी’चा नातलग आहे हे सांगावं लागत नाही.

हे शिकवायचं कसं, हा उरलेला प्रश्न व्यवहाराचा आहे. पहिल्या तीनशे शब्दांपर्यंत व्युत्पत्ती नको. त्यानंतर आठवड्याला एक नियम, पाच-सहा उदाहरणं, दोन अपवाद, आणि प्रत्येक उदाहरणासोबत स्पॅनिशमधलीच तत्सम जोडी; इंग्रजी नातलग शेवटी. अकादमीच्या कोशात नोंदीच्या सुरुवातीला मूळ दिलेलं असतं, ते वाचायची सवय लावावी. लॅटिन रूप आणि नोंदीतला शब्द जवळजवळ सारखे दिसले तर शब्द पोथीतून आला, फार झिजलेला दिसला तर तोंडातून. अडलेल्या जागी कोरोमिनास यांचा चिकित्सक व्युत्पत्तिकोश आहे. त्याचे मूळ चार खंड १९५४ ते १९५७ या काळात निघाले.

आणि लॅटिनची किल्ली जिथे चालत नाही ती दारं आधीच दाखवावीत. ७११ पासून १४९२ पर्यंत स्पेनच्या कमी-अधिक भागावर मुस्लिम राजवटी होत्या, त्यामुळे तेल ‘आसेइते’, उशी ‘आल्मोआदा’, कापूस ‘आल्गोदोन’. ऑलिव्हचं झाड लॅटिन ‘ओलिवो’, पण त्याचं फळ अरबी ‘आसेइतुना’. ‘आसुकार’ आणि ‘शुगर’ यांचं साम्यही अरबीतून आलेलं, आणि त्याच्या मागे आपली शर्करा. ‘गेर्रा’ म्हणजे युद्ध हे जर्मानिक टोळ्यांचं, इंग्रजी ‘वॉर’चं खरोखरीचं भावंड, आणि लॅटिनशी त्याचा काही संबंध नाही. डाव्या बाजूला ‘इस्किएर्दा’ म्हणतात ते बास्कशी जुळणारं. लॅटिनचा ‘सिनिस्तेर’ अशुभ ठरून बाजूला पडला. आणि कुत्रा, ‘पेर्रो’, कुठून आला ते अकादमीलाही सांगता येत नाही. लॅटिन ‘कानिस’चा ‘कान’ अजून कोशात आहे, पण रस्त्यावर कोणी तो वापरत नाही. हे शब्द पाठच करावे लागतात. शिक्षकाने तसं पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं, तर पुढे तो ‘क्त’चा ‘च’ होतो म्हणेल तेव्हा वर्ग त्याच्यावर विश्वास ठेवील.